पडलेलं झाड उभं राहिलं तेव्हा

आइत उसालेम गावात बेलाइदला सगळे करवतवाला म्हणत. तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे. झाड पाडणारा माणूस आमच्या डोंगरात प्रत्येकाला कधी ना कधी लागतो, पण सकाळी घराबाहेर पडताना तोच समोर आलेला कुणाला आवडत नाही. बेलाइदला हे ठाऊक होतं. म्हणून चौकातून जाताना तो मशीन करवत पोत्यात गुंडाळून नेई, नकोशी मांजर लांब सोडायला न्यावी तशी.

त्याचा बाप जैतुनाच्या बागेतला माणूस. जन्मभर त्यानं कलमं बांधली, आळी केली. पोरगा झाडं पाडायचा धंदा करणार म्हटल्यावर त्यानं बोलणंच टाकलं. मग एका हिवाळ्यात त्याच्या स्वतःच्या गोठ्यावर अस्लेनची जुनी फांदी लोंबायला लागली. अस्लेन म्हणजे गुरांना ज्याचा पाला घालतात ते झाड, आमच्याकडं घराघराला असतंच. बापानं बरेच दिवस वर बघत काढले आणि शेवटी बायकोकरवी निरोप धाडला, "त्या खाटकाला म्हणावं, तुझी सुरी घेऊन ये." बेलाइद गेला. पाळण्यातलं मूल उचलावं तशी ती फांदी त्यानं दोरानं अलगद खाली घेतली. कौल एकही फुटलं नाही. त्या दिवशी जेवताना बापानं लेकाला शेजारी बसवून घेतलं.

काम सोपं कधीच नव्हतं. आमची गावं डोंगराच्या धारेवर, घरावर घर चढलेलं. झाड आडवं पाडायला मोकळी जागा म्हणून नाही. एका बाजूला कुणाचं छप्पर, दुसऱ्या बाजूला विजेची तार, तिसरीकडं कबरी. त्यामुळं शेंड्यापासून सुरुवात करायची, तुकडा तुकडा दोरावर बांधून उतरवायचा. खोडात काय निघेल त्याचा नेम नाही. खिळे, काटेरी तार, एखाद्या आजोबानं ठोकलेली घोड्याची नाल. जुन्या झाडांत फ्रेंचांशी झालेल्या लढाईच्या काळातल्या बंदुकीच्या गोळ्या निघत, लाकडानं गिळून टाकलेल्या. साखळी त्यावर गेली की ठिणग्या उडत आणि दाते जात. आणि खाली उभे राहून सल्ले देणारे म्हातारे तर प्रत्येक कामाला हजर. बेलाइद कुणाला उलट बोलत नसे. कानावर टोप चढवला की त्याला कुणाचंच ऐकू येत नसे, आणि तो टोप जरा लवकरच चढवी.

घरमालकाला मात्र तो एक गोष्ट दर वेळी सांगे. "झाड उभं असतं तोवर ती गाय. पडलं की खेचर. त्याच्या मागं उभं राहायचं नाही."

लोक मान डोलावत. उभं झाड पडेल याची भीती सगळ्यांना समजते. पडलेल्या झाडाची भीती समजावी लागते. ते कुठंतरी दबलेलं असतं, कुठंतरी ताणलेलं असतं, आणि करवत लावली की तो ताण वाट शोधतो.

बेलाइदबरोबर त्याचा मेहुणा रेझ्की असे. बायकोचा, जुहेरचा, धाकटा भाऊ. चाळिशीचा, बोलघेवडा, हाताला चलाख. दोर टाकण्यात त्याच्यासारखा कुणी नव्हता. मेहुण्याला तो दा बेलाइद म्हणे, म्हणजे थोरला भाऊ बेलाइद, आणि त्याची टिंगलही तोच सर्वांत जास्त करी.

त्या वर्षी फेब्रुवारीत बर्फ दाट पडला आणि त्यावर पाऊस झाला. ओलीनं फुगलेल्या जमिनीतून झाडं मुळासकट उन्मळली. दहबियाच्या घरामागची निलगिरीही गेली. दहबिया सत्तरीची विधवा, एकटी राहणारी. घरामागं उतारावर एक वाफा होता, कांदा-लसणाचा. तिथलं पाणी शोषून घ्यावं म्हणून तिच्या नवऱ्यानं फ्रान्सहून परत आल्यावर ती निलगिरी लावली होती. आता ती घराच्या दिशेनं आडवी झाली होती. शेंडा छपराच्या कोपऱ्यावर टेकलेला, फांद्या अंगणात, आणि वरच्या वाफ्यात मुळांचा गड्डा मातीसकट भिंतीसारखा उभा, दोन माणसांच्या उंचीचा. त्या गड्ड्यामागं खड्डा. आत उभं राहिलं तर माणूस दिसू नये इतका खोल.

तिचा मुलगा नासर तिझी उझू शहरात नोकरीला. तो रोज फोन करून बेलाइदला हैराण करत होता. शेवटी पाऊस थांबला आणि दोघं मेहुणे मशीन घेऊन आले.

बेलाइदनं आधी सगळं फिरून पाहिलं. खड्ड्याच्या काठाशी जाऊन तो बराच वेळ उभा राहिला. खोड गड्ड्याजवळ कापलं की शेंड्याचं ओझं सुटणार आणि गड्डा आपल्या वजनानं मागं खड्ड्यात बसणार, हे त्याला दिसत होतं. ते हवंच होतं. खड्डा आपोआप भरला असता, वाफ्याचा दगडी बांध वाचला असता. फक्त त्या वेळी मागं कुणी असता कामा नये. त्यानं दहबियाला खेचराची गोष्ट सांगितली. म्हातारीनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "पोरा, मी चूल सोडून कुठं जाते?"

सकाळभर त्यांनी छपरावरच्या फांद्या उतरवल्या. बघायला निम्मा गाव जमला होता. दुपारी दहबियानं अंगणात वाफवलेल्या रव्याचा कुसकुस वाढला, वर शिजवलेला सुका घेवडा आणि जैतुनाचं तेल. जेवायला बसण्याआधी बेलाइद वर जाऊन खड्डा पाहून आला. रिकामा होता. नुसती माती, आणि एका बाजूला शाडूसारखी पांढरीशुभ्र माती उघडी पडलेली.

ती माती दहबियानं सकाळीच पाहिली होती.

आमच्या बायका घराच्या भिंती आतून पांढऱ्या मातीनं पोतारतात. चांगली माती मिळायला ओढ्यापलीकडं जावं लागतं, आणि दहबियाच्या गुडघ्यांनी ओढा कधीच सोडला होता. इथं ती घरामागं, खणून ठेवल्यासारखी, उघडी पडली होती. संध्याकाळी खड्डा बुजणार हेही तिनं ऐकलं होतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिनं परात आणि खुरपं घेतलं आणि घराच्या मागून वर गेली. जेवणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. वाढणारी बाई उठून गेली तर आत गेली असेल असंच सगळे धरतात.

खेचराच्या मागं उभं राहायचं नाही हे तिला पाठ होतं. पण तिच्या लेखी झाडाचं मागं म्हणजे जिकडं फांद्या लोंबत होत्या ती बाजू. मुळांकडं कसली भीती? जे पडलं ते पडलं.

जेवण झालं. नासरचा पुन्हा फोन आला, छप्पर मोकळं झालं का म्हणून. बेलाइदचा गुडघा सकाळपासून ठणकत होता. पोट भरलेलं होतं. वर जायची वाट चिखलानं निसरडी झाली होती. एरवी शेवटचा घाव घालण्याआधी तो खड्ड्यापर्यंत स्वतः जायचाच, कुणी कितीही घाई करो. त्या दिवशी नाही गेला.

रेझ्की घराच्या वरच्या कोपऱ्यावर उभा होता. बेलाइदनं खालून विचारलं, "खड्डा मोकळा?"

"मोकळा," रेझ्की म्हणाला.

बेलाइदनं टोप चढवला.

आधी खालून थोडं कापलं, मग वरून. लाकूड ओलं, भुसा लापशीसारखा निघत होता. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर चीर उघडायला लागली. त्यानं पाऊल बाजूला घेतलं आणि शेवटचं उरलेलं लाकूड कापलं. एक कडाका झाला. खोड धप्पदिशी खाली बसलं आणि गड्डा मागं गेला. सावकाश गेला नाही. एखाद्या निजलेल्याला हाक मारावी आणि त्यानं ताडकन उठून बसावं तसा गेला. जमीन हादरली, छपरावरचा उरलासुरला बर्फ घसरला, कोंबड्या सैरावैरा झाल्या. आणि बघतात तो बुंधा आपल्या जागी ताठ उभा, जणू तो कधी पडलाच नव्हता.

लोक हसले. कुणी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा म्हणाला, बाकीचंही असंच उभं कर, बेलाइद, म्हणजे सगळ्यांचाच त्रास वाचेल. बेलाइदनं टोप काढला आणि घाम पुसला.

शेजारीण वर्दिया वर वाफ्यात गेली होती, कांदे किती चेंगरले ते बघायला. ती तिथूनच म्हणाली, "ही दहबियाची परात इथं कशी?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. तरी अंगणातलं हसू थांबलं.

बेलाइद वर कसा पोचला ते त्याला आठवत नाही. बुंध्याच्या कडेनं मातीतून ॲल्युमिनियमच्या परातीचा काठ बाहेर आला होता, कागद दुमडावा तसा दुमडलेला. थोडं पलीकडं रबरी चपलेची टाच दिसत होती. बाकी सगळं बुजलं होतं. नवी माती जुन्या मातीवर इतकी घट्ट बसली होती की मध्ये सुरीचं पातं शिरलं नसतं.

कुणीतरी घरात धावलं आणि दहबिया घरात नाही असं सांगत बाहेर आलं.

मग सगळ्यांनी एकदम हात घातला. फावडी आली, कुदळी आल्या, बायका हातांनी उकरू लागल्या. गड्डा उचलणं माणसांच्या आवाक्यातलं नव्हतं. खालच्या गावात खोदायचं यंत्र होतं, ते आणायला कुणी गेलं. बेलाइद पालथा पडला आणि त्यानं कान मातीला लावला. सगळ्यांना त्यानं हातानं गप्प केलं. आणि त्याला ऐकू आलं. धप, धप, धप. खालून कुणीतरी ठोकत होतं.

"आहे," तो म्हणाला. "जिवंत आहे. ठोकतेय."

तो कुदळीनं मुळं तोडत सुटला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा कान लावला आणि पुन्हा तेच ऐकलं. दुसऱ्या एकानं कान लावला, तर त्याला काहीच ऐकू येईना. बेलाइदला ऐकू येत होती ती त्याची स्वतःची छाती होती. हे त्या माणसाला कळलं, पण त्यानं सांगितलं नाही.

रेझ्कीनं तेवढ्यात एक वेडेपणा केला होता. त्यानं नासरला फोन लावला आणि आई झाडाखाली गेली असं सांगितलं. नासरनं पुढं काही ऐकलंच नाही, तो तसाच गाडीत बसला.

बेलाइद खणत होता. हातांची कातडी सोलली, त्याला कळलं नाही. मनात एकच वाक्य घोळत होतं, आपण गेलो नाही. परातीचा काठ त्यानं ओढून काढला. तिच्यात पांढरी माती होती, चापून भरलेली, आणि तिच्यावर म्हातारीच्या बोटांचे ठसे. ते पाहून वर्दियानं तोंड फिरवलं. काही म्हातारे अंगावरचा बुर्नूस, लोकरीचा टोपीवाला झगा, डोक्यावर ओढून प्रार्थना पुटपुटायला लागले होते.

दहबिया आली ती मागच्या बाजूनं, फड्या निवडुंगाच्या कुंपणातल्या वाटेनं. चिखलात तिच्या चपला रुतून बसल्या होत्या, त्या निघेनात म्हणून तिनं तिथंच सोडल्या होत्या. पहिली माती फडक्यात बांधून ती अनवाणीच खालच्या गल्लीत जावेकडं, तसादितकडं, द्यायला गेली होती. परात तिला परत येऊन न्यायची होती. पण तसादितनं कॉफी ठेवली होती, आणि कॉफी ठेवलेली असताना उठून येणं आमच्यात होत नाही.

वर आल्यावर तिला दिसलं की आपल्या कांद्याच्या वाफ्यात अख्खा गाव खणतोय. तिनं पुढं वाकलेल्या एका बाईला विचारलं, "अगं, कोण आहे आत?"

"दहबिया," ती बाई मान वर न करता म्हणाली.

दहबियाही वाकून उकरलेल्या मातीत बघायला लागली. मग त्या बाईनं मान वर केली आणि तिथंच चिखलात बसली.

एकेक करत सगळ्यांची फावडी थांबली. बेलाइदची थांबली नाही. दोघांनी त्याला खांद्याला धरून ओढलं, त्याचं तोंड फिरवलं, तरी तो सुटायला बघत होता. म्हातारी समोर उभी होती आणि तो तिच्या पलीकडं बघत होता. शेवटी तिनंच त्याचा हात धरला. तिच्या कोपरापर्यंत पांढरी माती वाळलेली होती. त्यानं त्या हाताकडं पाहिलं, अंगठ्यानं माती खरवडली, खालची कातडी लागेपर्यंत खरवडली. मग त्याचे दात वाजायला लागले. कुणीतरी आपला बुर्नूस त्याच्या अंगावर टाकला.

दहबिया आधी चिडली. बांध फोडला, कांदे गेले, परातीचं काय केलंत. लोक आता मोकळे होऊन हसत होते, रडत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मग तिची नजर त्या उभ्या बुंध्यावर गेली. ती जवळ गेली. जिथं खड्डा होता तिथं आता खोड होतं. आपण कुठं उकिडव्या बसलो होतो ते तिनं मनात मोजलं असावं.

"मी इथंच बसले होते," ती म्हणाली. "आत्ता. कॉफीच्या आधी."

बायकांनी तिला धरून अंगणात नेलं.

नासर आला तेव्हा उन्हं उतरली होती. सगळ्यांना त्याचा विसर पडला होता. वळणांवळणांच्या त्या रस्त्यावर फोन लागत नाही, आणि लागला असता तरी त्यानं उचलला नसता. तो फाटकातून आत आला, रडून सुजलेला चेहरा, आणि आई चटईवर बसून दूध-भाकर खाताना दिसली. तो दाराची चौकट धरून खालीच बसला. मग तो उठला, त्यानं बेलाइदची गळपट्टी धरली, हात उगारला. बेलाइदनं तोंड चुकवलं नाही. उगारलेला हात तसाच राहिला आणि नासर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला.

रेझ्की या सगळ्यात नव्हता. बेलाइदला तो गाडीमागं सापडला. दोर उलगडून पुन्हा पुन्हा गुंडाळत बसलेला.

"मी वर गेलोच नव्हतो, दा बेलाइद," तो म्हणाला. "कोपऱ्यावरूनच मोकळा म्हणालो. चिखल होता."

बेलाइद त्याच्याशेजारी बसला. "मीही गेलो नव्हतो," तो म्हणाला.

गावाला ती गोष्ट चघळायला मिळाली. बाजारात दहबियाला बघून लोक म्हणत, तुझी माती तर आम्ही केली होती की. तीही हसे. बेलाइदला मात्र हसू येत नव्हतं. काहीच झालं नव्हतं, कुणाला ओरखडा नव्हता, आणि त्याचं कशातच लक्ष लागेना. मशीन पोत्यात पडून राहिलं. कामाला बोलवायला आलेल्यांना तो गुडघ्याचं कारण सांगे. सकाळच्या कॉफीची वाटी उचलली की ती हिंदकळे.

एका सकाळी जुहेरनं ती वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. "ती बाई धडधाकट आहे," ती म्हणाली. "काल माझ्याशी भांडली अंड्यांवरून. तू कुणाचं सुतक धरलंयस?"

तो विचार करून म्हणाला, "ती अजून खालीच आहे गं. मला ती वर आलेली दिसते, पण खालची जात नाही."

जुहेरनं वाटी भरून पुन्हा त्याच्यापुढं ठेवली, या वेळी अर्धीच.

शेवटी दहबियाचाच निरोप आला. अंगणात खोड आडवं पडलंय, मला भट्टीपर्यंत जाता येत नाही, भाकरी कुठं भाजू? बेलाइद गेला. मशीन सुरू करायला दोरी धरली आणि हात तसाच राहिला. म्हातारी उंबऱ्यावर बसून बघत होती. ती उठली, आतून लोकरीची चाती घेऊन आली, आणि त्याच्या अगदी समोर, पण चांगली लांब, दगडी ओट्यावर बसून सूत कातायला लागली.

"मी इथं आहे," ती म्हणाली. "हलले तर सांगेन."

त्यानं दोरी ओढली. मशीन चालू झालं. मधूनमधून तो मान वर करून ओट्याकडं बघे, आणि ती न बघताच चाती हलवून दाखवी. संध्याकाळपर्यंत खोडाचे ओंडके झाले.

त्यानंतर त्यानं कामं घेतली, पण एक सवय जडली. शेवटचा घाव घालण्याआधी घरातलं आणि बघ्यांतलं प्रत्येक माणूस त्याच्या डोळ्यांसमोर एका रांगेत बसलेलं लागे. घरमालक, त्याची सासू, पाहुणे, सल्ला देणारे म्हातारे, सगळे. एकदा निवृत्त मास्तर कुरकुरले, शाळा मी चालवली आयुष्यभर, आता तू हजेरी घेतोस का? बेलाइद म्हणाला, "हो, मास्तर. बसा." आणि मास्तर बसेपर्यंत त्यानं मशीन सुरू केलं नाही.

खड्डा असेल तिथं रेझ्की आता काठावरून बघत नाही. तो आत उतरतो, तळाशी उभा राहून पाय आपटतो, आणि बाहेर येऊन सांगतो, मोकळा. मग बेलाइद मशीन खाली ठेवतो, दुखऱ्या गुडघ्यानं चढ चढतो आणि स्वतः बघून येतो. रेझ्कीला त्याचा राग येत नाही. तो परत येईपर्यंत रेझ्की काठावरून हलत नाही.